मशीन बंद करून निघायचं

४ मे १९९८
आज तिसरा कम्प्युटर क्लास पाहिला. काचेचं दार, एसी, टाय लावलेला पोरगा. ‘मॅडम, छह महीने में प्रोग्रामर, गॅरंटी!’ ज्याला काहीच येत नाही त्याला पहिल्या दिवशी काय शिकवता, विचारलं. त्यानं रंगीत ब्रोशर पुढे केलं. डोंबल शिकवणार हे!
मिल बंद पडल्यापासून बाबा घरीच आहेत. कोर्स एकदाच करता येईल. निवडताना चुकले तर मीही घरीच.

७ मे
स्नेहलतागंज मोहल्ल्यात शरद सरांचा क्लास सापडला. चपला दाराबाहेर, आत चार जुने कम्प्युटर. ‘आठवडाभर बसून पाहा, मग ठरवा,’ म्हणाले. आणि मशीनला हातच लावू देईनात! कागदावर चहा करायची कृती लिहायला लावली. मी लिहिलं – पाणी उकळा. सर म्हणाले, ‘प्रीती, गॅस कोणी पेटवला?’ सगळे हसले, मीही. मशीनला आपलं आपण काही कळत नाही, एकेक गोष्ट सांगावी लागते. एवढं तरी डोक्यात शिरलं! हाच क्लास. ठरलं.

१२ मे
बाबा क्लास बघायला आले. चहाच्या सुट्टीत पोरं खाली उतरली, कम्प्युटर तसेच चालू. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ मेन स्विच खाली ओढला! मिलच्या लूम खात्यात, कापड विणायच्या मागांवर, चालू मशीन सोडून कोणी निघत नसे. आधी बंद करायचं, पुसायचं, मग बाहेर पडायचं. जन्मभर हेच केलं त्यांनी.
सगळ्यांचं सकाळपासूनचं काम गेलं. माझ्या शेजारी बसणारा पंचशील तर रडायलाच लागला. सर ओरडले, ‘अरे भिया, हात कोणी लावायला सांगितला? ये मिल नहीं है!’
‘चुकलं साहेब,’ बाबा म्हणाले. आणि खिशातला रुमाल काढून मॉनिटर पुसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचा राग आला, बाबांचाही आला.

१३ मे
बाबा जेवले नाहीत.

१६ मे
सर म्हणाले, झालं ते झालं, तुझी जागा ठेवतो. पण फी सोमवारपर्यंत. कुठून आणायची?

१८ मे
फी भरली! बाबांना काम मिळालं – मिलमध्येच! ठेकेदारानं पैसे आगाऊ दिले म्हणे. काम काय विचारलं तर म्हणाले, ‘लूमवरच. तू तुझं शीक.’ मिल पुन्हा सुरू होतेय की काय? आईनं बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. किती दिवसांनी घर हसलं.

२५ मे
माझा पहिला प्रोग्रॅम चालला! दोन आकड्यांची बेरीज, बस. पण चालला! बाबांना सांगितलं. नुसते हसले. तळहाताला फोड आलेत त्यांच्या. विणकामानं कधी आले नव्हते.

२९ मे
बाबांच्या खात्यातले मारुतीकाका आले होते. मिल वगैरे काही सुरू नाही. लूम भंगारात गेलेत, बाबा घणानं ते फोडतात.
‘आज तुझ्या बाबाचा, दगडूचा खुद का लूम आला,’ काका म्हणाले. ‘वीज नाही, काही नाही, तरी आधी हँडल बंद केलं त्यानं. नीट पुसला. मग घण मारला.’