देवाला सांगितलेला पत्ता

बाबा,

त्या दुष्काळात आपल्या दातांच्या दवाखान्यात कवळी बसवायला कुणी फिरकत नव्हतं. येत होते ते तोंडातला सोन्याचा दात काढून द्या म्हणणारे. काकांनी कॅनडाहून कळवलं होतं, सगळे निघून या. चीनशी लढाई झाल्यापासून आपल्यासारख्या चिनी वंशाच्या लोकांना लातूर सोडायचं तर पोलिसांची परवानगी लागायची. ती मिळाली नाही, तरी तुम्ही मला घेऊन मुंबईला निघालात. जावं की राहावं, हे देवाला विचारायला. गाडीत तुम्ही मफलर नाकापर्यंत ओढला होता आणि खाकी कपडा दिसला की मी तुमचा हात दाबत होते.

माझगावचं ते देऊळ जहाजांवरून उतरलेल्या आपल्या लोकांनी फार पूर्वी बांधलेलं. अरुंद लाकडी जिना, वर उदबत्त्यांच्या धुरात लाल तोंडाचा देव. तिथं आधी स्वतःचं नाव आणि पत्ता सांगायचा, मग प्रश्न, मग अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे खाली टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला तर होकार. तुम्ही आजोबांच्या चीनमधल्या खेड्याचा पत्ता सांगितलात आणि विचारलंत, कॅनडाला न जाता इथंच राहू का? दोन्ही उताणे. देवळातले म्हातारे म्हणाले, देव हसतोय. ज्या गावात तू कधी राहिला नाहीस तिथला पत्ता कशाला देतोस? मग तुम्ही मोठ्यानं म्हणालात, ‘‘लातूर, जिल्हा उस्मानाबाद.’’ दाराशी दोन अनोळखी माणसं उभी होती. आता हे जाऊन पोलिसांना सांगणार. तुकडे पडले, एक पालथा, एक उताणा. तुम्ही जमिनीला कपाळ टेकलंत.

परतलो तर दवाखान्याच्या पायरीवर हवालदार बसलेला. तुम्ही काही बोलायच्या आतच तो म्हणाला, ‘‘सायबानं दोनदा इचारलं. डाक्टरला ताप हाय म्हणून सांगितलं म्या. आता दोन दिस घोंगडं घेऊन पडा गपचिप.’’ तुम्ही खरंच पडलात, घोंगड्याखाली हसलातही. मी खिडकीशी बुटांचा आवाज ऐकत राहिले.

तुम्ही गेल्यावर लातूरचा जिल्हा झाला. नव्या कचेरीतून रहिवासाच्या कागदांसाठी मला बोलावणं आलं, तेव्हा वाटेत खाकी कपडा दिसला की मी बाजूला होत गेले. साहेबांनी चहा दिला, तो मी तसाच ठेवून आले.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. तुम्ही तुकडे टाकत होतात तेव्हा तुमच्या मागे मीही डोळे मिटून देवाला विनवत होते, बाबा. नाही म्हण, असं.