टॉर्च कॉमिक्सचा अधिकृत इतिहास

लंडन, सोमवार, ७ जानेवारी १९७४
टॉर्च कॉमिक्सला ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षं होतील. इतिहास लिहायचं काम आमचे संपादक हॅडोसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. म्हणजे मी विचारलं, ते नाही म्हणाले नाहीत. एकोणीस वर्षं उपसंपादक आहे, दुसरं कोण लिहिणार? चारशे पानं. जूनपर्यंत पूर्ण. कोळशाच्या टंचाईमुळे आज वीज नव्हती. कोट घालून मेणबत्तीपाशी बसलो. शीर्षक लिहिलं.

शुक्रवार, १ फेब्रुवारी
आमच्या दोन साप्ताहिकांपैकी ‘बझर’ आता ‘टॉर्च’मध्ये विलीन. प्रकरणाचं नाव ठरलं: ‘विस्तार’. चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांत अक्षरं काढणाऱ्या एनिडबाई हसल्या. म्हणाल्या, अहो ट्रँटर, घर पडलं की अंगण मोठं झालं म्हणता का? रविवारी जेवायला या म्हणाल्या, कोकराचं मटण करणार आहेत. कळवलं, पहिलं प्रकरण झालं की येतो.

रविवार, ३ फेब्रुवारी
पेन्सिलींना टोकं केली. टिनमधलं सूप.

शुक्रवार, १९ एप्रिल
पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र शोधायला तळघरात गेलो. पाइप फुटलाय. रखवालदार फ्लडने जुनी चित्रं फरशीवर पसरलीत. म्हणाला, साहेब, कागद जाड आहे, पाणी मस्त पितो. मुखपृष्ठ तिसऱ्या पायरीशी होतं. आता वाईट वाटेल म्हणून जरा थांबलो. नाही वाटलं. वर येऊन सँडविच खाल्लं. नोंद केली: ‘मूळ चित्रं आजही नित्य वापरात आहेत.’

शुक्रवार, १७ मे
‘टॉर्च’ दुसऱ्या कंपनीच्या साप्ताहिकात विलीन होणार. हॅडोसाहेब म्हणाले, शेवटच्या अंकावर काहीतरी उत्साही टाका. ‘दोस्तांनो, आत आनंदाची बातमी!’ दहा मिनिटांत लिहिलं. यंदा पूर्ण झालेलं माझं पहिलं लेखन. अक्षरं एनिडबाईंनी काढली. मध्येच त्यांनी विचारलं, तुम्हाला काहीच होत नाही का हो? म्हटलं, याला स्वतंत्र प्रकरण लागेल. त्यांनी शेवटचं उद्गारचिन्ह रेखाटलं आणि ब्रश धुतला.

शुक्रवार, ३१ मे
एनिडबाईंचा शेवटचा दिवस. व्हिटबीला बहिणीकडे चालल्या. कोट चढवून दारात बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, जेवायला बोलावलं असतं, पण भांडी बांधून झाली. म्हटलं, इतिहासाची प्रत टपालाने पाठवीन. म्हणाल्या, मग पत्ता तरी विचारा. पेन सापडेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती. त्यांच्या टेबलाचा मला उपयोग होईल. खिडकीजवळ आहे.

बुधवार, १२ जून
‘टॉर्च’ घेणाऱ्या नव्या कंपनीत गेलो. हस्तलिखित दाखवलं. अकरा पानं, पण पाया भक्कम आहे. तिथली पुस्तकांची संपादक मिस ऑकले फार नम्र. तिने विचारलं, ‘टॉर्च’ अजून निघत होतं का? तिला वाटायचं, ती शाळेत असतानाच ते बंद पडलं. म्हटलं, नाही, गेल्या पंधरवड्यात. अरेरे, म्हणाली. चहा घेणार का, असं विचारलं.
घेतला. मला साखर चालत नाही, हे सांगायचं राहून गेलं.