डुगीधारची रेषा

४ जुलै, शुक्रवार

सरकला! डोंगर सरकला!

काल दुपारभर पाऊस झाला आणि आज सकाळी आलेखाची रेष केसभर वर चढलेली. डुगीधारच्या उतारावर मे महिन्यात आम्ही सरकणं मोजणारा खांब रोवला तेव्हापासून ती कशी मेल्यासारखी आडवी पडून होती. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सकलानी मॅडमना ओढतच आणलं. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पुसला. म्हणाल्या, ‘आधी चहा पी, प्रोमिला. जरा दम घे.’

दम कसला घेऊ! जन्मापासून हे डोंगर बघतेय. त्यांच्या अंगाखांद्यावर वाढले. पण त्यातला एक हलताना आज पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांनी नाही, यंत्रानं. तरी पाहिलाच ना!

माझा सहकारी जोबी म्हणाला, ‘एक मिलिमीटरसुद्धा नाही गं, कसली नाचतेस?’ खांबातलं सर्किट त्यानंच बनवलंय, आणि नाचायची अक्कल नाही. केरळचा आहे. डोंगर म्हणजे त्याला चढायची कटकट.

९ जुलै, बुधवार

खांबाची बॅटरी बदलायला गेलो. उतरल्यावर निक्काराम चाचांच्या ढाब्यावर वाफवलेली सिड्डूची रोटी आणि तूप. ढाबा बरोबर उताराच्या पायथ्याशी, हमरस्त्याला लागून. मागे डोंगर, पुढे रस्ता, खाली ब्यास नदी. आमचा भोंगा त्यांच्याच छपरावर बसवलाय. पावसाळ्यात धोका वाटला की प्रयोगशाळेतून वाजवायचा.

चाचा रोजच्यासारखे सुरू — ‘आलीस का डॉक्टरीणबाई! काय म्हणतोय तुझा पेशंट? नाडी लागली का?’

मी म्हटलं, ‘सरकतोय, चाचा.’

‘सरकू दे की. मीसुद्धा सरकतोय. तीस वर्षांत हे पोट पुढे सरकलं, केस मागे सरकले. माझ्यासाठी भोंगा वाजवलास कधी?’

द्रुमती चाची आतून ओरडल्या, ‘तुमच्यासाठी मी आहे ना वाजायला!’

जोबीच्या नाकातून चहा आला.

२१ जुलै, सोमवार

पाऊस. रेष चढतेय. हळू, पण थांबत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज सकाळी भोंगा वाजवला. पहिल्यांदाच!

रेषेनं आम्ही ठरवलेली हद्द ओलांडली. मॅडमनी एक क्षणही घालवला नाही. पोलिसांनी दोन्हीकडून रस्ता अडवला, ढाबा आणि वरची चार घरं रिकामी केली.

आणि डोंगर पडला नाही.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. एक दगडसुद्धा घरंगळला नाही. वर ऊन पडलं, इंद्रधनुष्य निघालं — टोमणा मारल्यासारखं! रस्त्यावर सफरचंदांच्या ट्रकांची रांग, नजर पोचत नाही इतकी लांब. हंगामाचा माल. पेट्यांमधून वास यायला लागलेला. एक ड्रायव्हर मला म्हणाला, ‘ताई, तुमचा डोंगर पडेपर्यंत माझा मालक माझ्यावर पडेल.’ सगळे हसले. मी नाही हसू शकले.

चाचा ढाब्यात परत गेले. पोलिसांनी हात जोडले तरी. ‘तुमच्या भोंग्यानं माझं दूध नासलं’ म्हणाले, आणि ते थट्टेनं नव्हतं.

एसडीएम, म्हणजे इथल्या प्रांताधिकारी साहेबांचा मॅडमना फोन — उद्या रस्ता उघडतो. तुमच्या यंत्राची हद्द जरा वाढवून घ्या.

६ ऑगस्ट, बुधवार

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

हद्द वाढवायची की नाही यावर सकाळी आमचं वाजलं. जोबी म्हणे वाढवू. मी म्हणे नको. मग मॅडमनी एक कोरा कागद घेतला. म्हणाल्या, ‘किती सरकला ते विसर. एक मिलिमीटर सरकायला किती वेळ लागला ते सांग.’

मी आकडे वाचत गेले, त्या ठिपके देत गेल्या. रविवारी जवळजवळ अख्खा दिवस. सोमवारी त्याहून कमी. काल आणखी कमी. आज तर पहाटेपासून न्याहारीपर्यंतच एक मिलिमीटर झाला. ठिपके खाली खाली उतरत गेले. वाकडेतिकडे नाहीत — एका सरळ रेषेत! फूटपट्टी लावली तर एकही ठिपका बाहेर नाही. एवढा माती-दगडाचा ढिगारा, झाडं, मुळं, आत कुठे कुठे वाहणारं पाणी, आणि कागदावर शाळेतल्या पोरासारखा शिस्तीत!

मॅडमनी रेषा पुढे ओढली, कागदाच्या तळापर्यंत. ‘इथे बघ. इथे वेळ संपतो. पुढचा मिलिमीटर सरकायला याला वेळच लागणार नाही.’

म्हणजे तो पडणार.

उद्या. दुपारी चारच्या आसपास.

 मला एकदम देवळात शिरल्यासारखं वाटलं. पद्धत पुस्तकात वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, गुणही मिळवले होते. पण हा डोंगर! समोरचा! त्यानं येण्याची वेळ कळवावी आणि ती आपल्याला वाचता यावी! अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही.

मॅडम तडक एसडीएम साहेबांकडे. मी सोबत. ते वैतागलेलेच होते. ‘मॅडम, उद्या चारला नाही पडला तर?’

‘तर पेपरात माझं नाव छापा. फोटोसकट.’

बाहेर आल्यावर पायरीवर बसल्या. पाणी मागितलं.

७ ऑगस्ट, गुरुवार

पडला.

क्रमानं लिहिते.

रस्ता सकाळपासून बंद ठेवला. ट्रक मागे हटवले. फक्त चाचा हटेनात. दुपारी मी आणि जोबी गेलो. ते चुलीपुढे मांडी घालून, राजमा ढवळत.

‘चाचा, चला.’

‘परवा पण हेच म्हणालीस.’

‘परवा फक्त धोका आहे म्हणाले होते. आज वेळ सांगतेय.’

‘वेळ!’ त्यांनी डाव ठेवला. ‘का गं, डोंगर तुझ्याशी बोलतो? माझ्याशी कधी नाही बोलला, इतकी वर्षं त्याच्या पायाशी बसलोय.’

 तेवढ्यात द्रुमती चाचींनी राजम्याचं पातेलं फडक्यानं धरून उचललं आणि दाराबाहेर निघाल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाही. ‘जेवायचं असेल तर या मागोमाग.’

 चाचा चपला शोधायला लागले.

पुलाच्या पलीकडे सगळे उभे. चार वाजले. काही नाही. कुणीतरी शिटी मारली. मॅडम पुतळ्यासारख्या. मी त्यांचा हात धरला — आजवर कधी हिंमत झाली नव्हती. बर्फासारखा गार.

मग वरच्या देवदारांपैकी एक झाड वाकलं. वारा नव्हता. मग त्याच्या शेजारचं. मग झाडं उभीच्या उभी खाली यायला लागली, मिरवणूक उतरावी तशी. आवाज नंतर आला. आवाज नव्हेच तो, पोटात शिरलेला गडगडाट. उतार मध्येच दुमडला आणि रस्ता, ढाबा, छपरावरचा आमचा भोंगा — सगळं ब्यासमध्ये गेलं. नदी थबकली, उसळली, नव्या वाटेनं निघाली. धूळ खाली बसली तेव्हा ओल्या मातीचा आणि चिरलेल्या देवदारांचा वास. इतका गोड वास!

चार वाजून बारा मिनिटं.

एकही माणूस गेला नाही. एकही!

परवा मला टोमणा मारणारा ड्रायव्हर रस्त्यावर गुडघे टेकून बसला होता. चाचा ढाबा होता त्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘बोलतो की गं.’ आणि रडायला लागले.

१० ऑगस्ट, रविवार

वर्तमानपत्रं, फोन, कुलगुरूंचा हार. मॅडमचा फोटो खरंच छापून आला! त्यांना पटेना, ‘केस काय दिसतायत!’

चाचांनी पुलाजवळ ताडपत्री टाकली आहे. चहा सुरू. मला पैसे देऊ देत नाहीत.

तो कागद प्रयोगशाळेत भिंतीवर लावलाय. येता-जाता नजर जाते. अजून खरं वाटत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

उपग्रहाची रडार-चित्रं आज मिळाली. त्यातलं एक ६ ऑगस्टच्या दुपारचं, आम्ही रेषा ओढली त्याच दिवसाचं. आधीच्या चित्रांशी ताडलं तर आमच्या खांबाभोवतीची जमीन तेव्हा तसूभरही सरकलेली नव्हती. सरकत होता तो वरचा कडा, जिथे आमचं एकही यंत्र नव्हतं. खांबाखालची माती पावसानं धुपली होती आणि तो एकटाच कलत होता; यंत्रानं तेच डोंगराचं सरकणं म्हणून मोजलं. आम्ही खांबाच्या पडण्याची वेळ काढली होती. डोंगर त्याच तासाला आला, आपला आपण.

तीनदा तपासलं. जोबी म्हणतो, ‘पाणी तर तेच ना, खांबाखालचं आणि डोंगरातलं?’ मॅडम म्हणाल्या, ‘असेल. पण तास?’

 इतकी माणसं जिवंत आहेत, आणि आम्हाला काही माहीत नव्हतं.

सोमवारी पलीकडच्या सहा गावांत नवे खांब रोवायला निघायचं होतं. मॅडमनी गाडी रद्द केली. भिंतीवरचा कागद स्वतः उतरवला, माझ्यासमोर ठेवला.

‘लिही, ही रेषा डोंगराची नव्हती, खांबाची होती. लोक या रेषेच्या भरवशावर घरात झोपायला लागतील, त्याच्या आधी लिही.’