नवऱ्याच्या नावाचा रकाना

१४ मार्च १९६२, बुधवार. वणी.
रजिस्टर लिहून लिहून बोटं दुखून राह्यले. ठाण्याचा हुकूम: भंगारवाल्यानं मोडीचा माल घेतला की विकणाऱ्याचं नाव, बापाचं नाही तं नवऱ्याचं नाव, गाव, माल, अंगठा. एक रकाना रिकामा दिसला की लायसन गेलं. माल काट्यावर तोलता येते, नाव कायच्यावर तोलू?
आज तांड्यावरची सोनी आलती. फुटकी घागर, वाट्या, न एक जाड पितळी बुश, मशिनीच्या दांड्याले बसते तो. कापसाच्या जिनिंगच्या मागं उकिरड्यात सापडला म्हणे. नवऱ्याचं नाव इचारलं तं पदर दातात. मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं. शेवटी म्हणे, "आता जो चालू हाय ना भाऊ, तेच नाव." म्हटलं, बुधवार? म्हणजे बुधा? नुसती हासली. लिहलं बुधा. अंगठा घेतला.

१७ मार्च, शनि.
ठाण्याचा जमादार येऊन गेला. जिनिंगचा बुश चोरीले गेला म्हणे. घेतलेला माल आठवडाभर गाळायचा नाही, हाही हुकूमच, म्हणून बुश होता तिथंच होता. त्यानं उचलला, रजिस्टर पाह्यलं. एकही रकाना खाली नाही म्हणून माही पाठ थोपटली. बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

१८ मार्च, रवि.
तांड्यावर खराच एक बुधा निघाला, पोलिसानं त्याले उचलून नेलं. त्याची बायको लच्छी सकाळीच दुकानात. कडेवर पोरगी.
"माह्या मानसानं तुह्या दुकानाचं तोंड तरी पाह्यलं काय?"
म्हटलं, सोनीनंच सांगतलं.
"सोनीचा नवरा फागू हाय. फागुन चालू हाय ना, भाऊ."
महिना. ते महिना सांगत होती, मी वार लिहला. मुसलमानाच्या घरात वाढलो म्हणून फागुन ध्यानात आला नाही असं म्हणावं, तं तेही नाही. होळीच्या गोवऱ्या रोज दुकानापुढून जाऊन राह्यल्या. घाईत होतो, एवढंच.
घरी ताहेराच्या अम्मीले सांगतलं. ते भाकर थापत होती. म्हणे, "मले जमादारानं इचारलं तं मी कोणाचं नाव सांगीन? आजवर घेतलं काय मी तुमचं?"

१९ मार्च.
ठाण्यात गेलतो. म्हटलं साहेब, नाव मी अंदाजानं लिहलं. जमादार म्हणे, "हे बाहेर बोलू नको. अंदाजानं लिहते तं लायसन कायले पाह्यजे?" लच्छीनं फागूचं नाव सांगतलं होतं, पण नवऱ्याले सोडवाले बाई कोणाचंही नाव घेईन म्हणे. विकणारीनं सोताच्या तोंडानं सांगावं, न मी आइकून नवीन ओळ लिहावी, तरच बुधा सुटन.
आतून बुधाचा आवाज येत होता. ओरडणं नाही. कण्हणं.

२१ मार्च.
होळीचे दिवस. तांड्यावर डफ वाजला नाही. सोनीच्या घरी गेलतो. फागू खाटेवर, छातीत कफ, खोकून खोकून वाकलेला. म्हणे, "मीच उचलला बुश. उकिरड्यातून. मले न्या." सोनीनं त्याले निजवलं. मले म्हणे, "हा आत गेला तं परत येणार नाही, भाऊ." खरं बोलली. ठाण्यात ते हड्डी टिकणार नाही.

२२ मार्च, गुरु.
तरी सोनी ठाण्यात आली; मी रजिस्टर घेऊन आधीच होतो. लच्छी तिले हात धरून घेऊन आली. जमादारानं टाक माह्या हातात देला.
"नवऱ्याचं नाव सांग."
सोनी खाली पाहून. लच्छी रडून राह्यली. आत बुधा.
मग सोनीनं पदराच्या आत नाव घेतलं. पह्यल्यांदाच घेतलं असन तिनं.
जमादार म्हणे, "मले नाही आइकू आलं. तुले आलं काय रे?"
सोनीनं माह्याकडं पाह्यलं.
मले आइकू आलतं. साफ आलतं. म्हटलं, नाही साहेब.
"मंग बुधाच," म्हणे, न रजिस्टर मिटलं.
काहून तसं बोललो? फागूच्या खोकल्यापायी म्हणावं तं मनाले पटते. लायसनच्या भेवानं म्हणावं तं तेही पटते.

२३ मार्च, शुक्र.
दुकान उघडलं तं लच्छी पायरीवर. पोरगी मांडीवर झोपलेली. शिव्या देईन वाटलं. दिल्या नाही. एवढंच म्हणे, "भाऊ, तुले कमी आइकू येते काय?"
ताहेराची अम्मी तिले चहा देऊन आली. रजिस्टर माह्यापुढं आणून कोऱ्या ओळीवर उघडून ठेवलं, टाकही ठेवला.
नमाजची वेळ झाली. लच्छी अजून पायरीवरच हाय. बाहेर निघायले दुसरी वाट नाही, तिच्यापुढूनच जा लागते.