पाच किलोंचा सूड

२ मार्च
आज लेकीच्या वाढदिवसाला माझ्या हातातली केकची प्लेट काढून घेण्यात आली. सगळ्यांसमोर. काढून घेणारा माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. हा माणूस डब्यात काकडी नेतो आणि खाण्याआधी तिचा फोटो काढतो. यापुढे इथे त्याचं नाव काकडी. प्लेट घेऊन वर म्हणाला, भाऊजी, सगळ्या बाजाराचे वजनकाटे दुरुस्त करता, स्वतः कधी चढता का? पाहुणे हसले. लेक हसली. हीसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून, पण हसली.

माझं वय एक्कावन्न. लहानपणी बिस्किटांचा डबा वडिलांच्या कपाटात कुलपात असायचा. मागितलं की म्हणायचे, मोठा हो, कमव, मग खा हवं तेवढं. मोठा झालो, कमावतो, दुकानावर पाटी माझी आहे. आणि माझा केक मोजतोय कोण, तर माझ्याच लग्नात शेंबूड पुसत फिरणारा पोरगा.

सूड घ्यायचा. कसा ते उद्या ठरवू. उरलेला केक हिने फ्रिजमध्ये कोबीच्या मागे लपवलाय. कोबीच्या मागे. मी काय आंधळा आहे?

३ मार्च
डॉक्टरकडे नेण्यात आलं. रक्तात साखर बरीच आहे म्हणे. गोळ्या आजपासून, गोड बंद, महिन्याने परत या. मी विचारलं, तुमच्या मशीनची शेवटची तपासणी कधी झाली? सील दाखवा. डॉक्टर माझ्याऐवजी हिच्याकडे बघू लागले. आमच्या धंद्यात ज्या काट्यावर शिशाचं सील नाही त्याचं वजन कोणी धरत नाही. आणि मी बिनसीलाच्या मशीनवर भरवसा ठेवून जन्माचं गोड सोडायचं? डॉक्टरलाही धडा शिकवायला हवा. काकडीनंतर.

गोळ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. पॅकिंग छान आहे.

६ मार्च, संध्याकाळ
काकडी घरी आला. पैज लावू म्हणाला. दीड महिन्यात कोण जास्त वजन उतरवतो बघू. तो जिंकला तर मी गोड सोडायचं आणि त्याच्यासोबत सकाळी पळायचं. मी म्हटलं, आणि मी जिंकलो तर या घरात माझ्या खाण्याबद्दल कोणीही, कधीही, एक अक्षर बोलायचं नाही. काकडी हसत हो म्हणाला. लेकीकडून वदवून घेतलं. हिच्याकडून वेगळं वदवून घेतलं. ही जरा थांबली. मग म्हणाली, दिला शब्द.

ही शब्दाची पक्की आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या आत्याशी बोलणार नाही म्हणाली होती. आत्या वारली तरी बोलली नाही.

मी फक्त एक अट घातली. वजन माझ्या दुकानातल्या काट्यावर होणार. बाथरूममधल्या त्या काचेच्या खेळण्यावर नाही. काकडी म्हणाला, अर्थात, तुमच्यापेक्षा प्रामाणिक काटा कुणाचा असणार? मासा गळाला लागला.

८ मार्च
काट्यानेच काटा काढायचा ठरवलं आहे. पण काट्याला हात लावलेला नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. इतकी वर्षं धंदा केला, खोटं सील कधी मारलं नाही. एक-एक किलोची पाच लोखंडी वजनं जुन्या चादरीच्या पट्टीत शिवली, पट्टी कमरेला बांधली, वरून स्वेटर. काटा अगदी खरा राहिला. माणूस खोटा निघाला तर त्यात काट्याचा काय दोष?

सगळ्यांसमोर नवं सील दाबलं. काकडी त्र्याहत्तर. मी एक्याण्णव. त्यातला मी शहाऐंशी, बाकीचं लोखंड. आकडा बघून हिचा चेहरा उतरला. काकडी म्हणाला, भाऊजी, अंगावर दिसत नाही हो. मी रुबाबात खुर्चीत बसलो तर टण् असा आवाज आला. किल्ल्या आहेत म्हटलं.

१० मार्च
पाच किलो तर मी घरी परत येतानाच उतरवले. काकडीच्या अंगावर उतरवायला आहेच काय, फार तर तीन. म्हणजे मधले दोन किलो खाऊन भरून काढायची मला पूर्ण मोकळीक आहे. याला म्हणतात नियोजन.

दुपारी बेकरीत गेलो. पहिला क्रीमरोल काकडीच्या नावाने खाल्ला. दुसरा डॉक्टरच्या. तिसरा लेकीच्या, ती हसली होती म्हणून. चौथा हिच्या नावाने घ्यायला गेलो, पण बेकरीवाली म्हणाली, काका, पोटात दुखेल. तिला काय करायचंय? अर्धा घेतला.

१६ मार्च
दुकानात सुट्या स्प्रिंगांच्या ड्रॉवरमध्ये आता पेस्ट्री असते. स्प्रिंगा कुठे गेल्या आठवत नाही. आईस्क्रीम ठेवता येत नाही म्हणून उभ्या उभ्या खातो. खाताना काकडीला भिंतीशी टेकून उभं करतो, मनात. तो बघतो, मी चाटतो. असा आनंद केकनेसुद्धा कधी दिला नव्हता.

तहान मात्र फार लागते. यंदा उन्हाळा लवकर आला. पाण्याने भागत नाही, म्हणून कोल्ड्रिंकची पेटी मागवली.

२१ मार्च
दुकान बंद करताना एकटाच काट्यावर चढलो. लोखंडाशिवाय. त्र्याऐंशी!

परत चढलो. प्रमाणित वजन ठेवून काटा तपासला. बरोबर आहे. म्हणजे इतकं खाऊन माझे तीन किलो उतरले. काही शरीरं साखर साठवतात, काही जाळतात. माझं जाळणारं निघालं. हे डॉक्टरला कळलं नाही. गाढवाला गुळाची चव काय!

उद्यापासून जेवणानंतर दोन पेस्ट्री. प्रयोग म्हणून.

२७ मार्च
रात्री चार-चारदा उठावं लागतं. कोल्ड्रिंकचा परिणाम, दुसरं काय. बाथरूममध्ये मुंग्यांची रांग लागली आहे. ही म्हणाली, इथे गोड कोण आणून खातं? या बाबतीत तरी मी निर्दोष असल्यामुळे जोरात भांडलो. फार बरं वाटलं. हिने मुंग्यांची पावडर टाकली.

काट्यावरच्या बारीक रेघा नीट दिसत नाहीत. चष्मा मागच्याच वर्षी केला होता. चष्मेवाल्याने फसवलं. त्यालाही बघून घेणार आहे.

३ एप्रिल
पॅन्ट खाली येते. पट्ट्याला दुकानातल्या टोच्याने नवं भोक पाडलं. काकडी आला होता, त्याला मुद्दाम शर्ट खोचून दाखवला. तो बघतच राहिला. विचारलं, भाऊजी, नक्की काय करताय? मी म्हटलं, संयम. त्याने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. त्या एका हाताच्या फिरण्यासाठी मी इतके दिवस जगलो.

ही म्हणाली, महिना झाला, डॉक्टरकडे जायचं ना? मी म्हटलं, पैजेनंतर. गोळ्या आहेत ना, असं विचारलं. आहेत म्हटलं. ड्रॉवरमध्ये आहेतच की. मी खोटं बोलत नाही.

१० एप्रिल
किराणावाल्याचा मोठा काटा दुरुस्तीला आला होता. काम करता करता जरा त्याच काट्यावर टेकलो आणि झोप लागली. किराणावाल्याने हलवून उठवलं. म्हणाला, शेट, पोतं समजून उचलणारच होतो, पण पोतं एवढं हलकं नसतं. दुकानातली गिऱ्हाइकं हसली. त्याचा काटा अजून चार दिवस अडकवून ठेवणार आहे.

थकवा येतो खरा. विजयाआधी येतोच. खेळाडूंचंही तसंच असतं.

१५ एप्रिल
विजयाचं भाषण लिहिलं. सुरुवात नम्र. मधला भाग काकडीबद्दल, थोडा लांबलाय. शेवटी सगळ्यांना माफ करायचं, पण लगेच नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. गालफडं बसल्यामुळे चेहऱ्याला एक भारदस्तपणा आलाय. मध्येच दोनदा पाणी प्यायला थांबावं लागलं. ते भाषणात चालेल.

२० एप्रिल
आज वजन झालं. सील जसंच्या तसं. काकडी सत्तर. टाळ्या मीच वाजवल्या. मग मी चढलो.

शहात्तर!

एक्याण्णवातून शहात्तर. मी भाषण सुरू केलं. नम्र भाग संपेपर्यंत लक्षात आलं की कोणी हसत नाहीये आणि चिडतही नाहीये. काकडीने माझं मनगट धरलं. पाणी किती पिता, रात्री किती वेळा उठता, असलं काहीतरी विचारू लागला. मी म्हटलं, हरल्यावर माणूस विषय बदलतो. लेक फोन कानाला लावून बाहेर गेली. ही खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

भाषणाचा मधला भाग मला गाडीत म्हणावा लागला. गाडी काकडी चालवत होता. 

डॉक्टरांनी बोट टोचून मशीनला लावलं. आकडाच आला नाही, नुसतं इंग्रजीत हाय असं आलं. मी म्हटलं, बघा, मशीन बिघडलंय, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, मोजण्याच्या पलीकडे गेलं की असं येतं. क्षमतेपेक्षा जास्त ओझं ठेवलं की आमच्याकडचे नवे काटेही असंच करतात. हे मला माहीत होतं.

२३ एप्रिल, हॉस्पिटल
लिहायला आज परवानगी मिळाली. डॉक्टर स्पष्ट बोलले. ते उतरलेले दहा किलो म्हणजे माझंच मांस आणि माझीच चरबी. साखर रक्तात नुसती फिरत होती, पेशींना मिळत नव्हती, म्हणून शरीर स्वतःलाच खात होतं. आणखी आठवडा गेला असता तर तुम्हाला इथे आणायचा उपयोग झाला नसता म्हणाले. हे ऐकताना ही समोर उभी होती. मला भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, भीती वाटली.

मी वाट बघत होतो की आता ही सुरू होईल. सांगितलं होतं तुम्हाला, ऐकलं असतं तर, वगैरे. ही काही बोलली नाही. नर्सने इन्सुलिनची सुई कशी टोचायची ते दाखवलं, हिने बघून घेतलं. काही बोलली नाही. लेकही नाही. काकडी रोज संध्याकाळी येतो, स्टुलावर बसतो, माझे पाय चेपतो. तोसुद्धा नाही.

२५ एप्रिल, हॉस्पिटल
सहन झालं नाही. तिघांना बोलावून कबूल केलं की पहिल्या दिवशी कमरेला पाच किलो लोखंड होतं. पैज रद्द, मी हरलो, आता बोला काय बोलायचं ते.

काकडीने मनातल्या मनात हिशेब केला. मग खाली बघत म्हणाला, पंधरातले पाच वजा केले तरी दहा राहतात, भाऊजी. माझे तीनच आहेत. तुम्हीच जिंकलात.

आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली, तीही फुकट गेली. हात दाखवून अवलक्षण. डॉक्टर, किराणावाला, चष्मेवाला, सगळ्यांना माफ केलं. लगेच.

२९ एप्रिल, घरी
सकाळी सुई टोचून घेतली. जमलं.

हिने चहा आणला. बिनसाखरेचा. शेजारी साखरेचा डबा ठेवला, झाकण काढून, चमचा आत. मी विचारलं, किती घालू? म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं, तू सांग ना. ही म्हणाली, मला त्यावर बोलायचं नाही, असं ठरलंय. मी म्हटलं, ठरलेलं मोड, मी सांगतोय. म्हणाली, मी शब्द मोडत नाही, तुम्हाला माहीत आहे.

सूड कसा घ्यायचा ते हिच्याकडून शिकावं, असं लिहिणार होतो. पण ही ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, चुकलो. तिने ऐकलं असावं. 

चहा निवला. मी चमच्याला हात लावला नाही. कोणी काही बोललं नाही.