मधल्या खोलीची वजावट

मार्गशीर्ष वद्य २
इन्कमटॅक्साची नोटीस घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांच्या अंगातला कोट मीच शिवलेला, दोन गुंड्या तुटल्यात. सांगितलं तर म्हणाले, असू द्या. लोकांचे खटले सांभाळतात, गुंड्या सांभाळता येत नाहीत.
घरातच धंदा असेल तर घरभाड्यातला कारखान्याचा भाग वजा मिळतो म्हणे. दिवाबत्ती, मशीनचं तेल, सुया, तेही. राहत्या भागाचं काही नाही. म्हणाले, घराचा नकाशा काढा आणि खोल्या लिहा. लिहिलं. ओसरी, कारखाना. सैंपाकघर, राहतं. मधल्या खोलीपाशी टाक थांबला.

मार्गशीर्ष वद्य ३
वकिलांना सगळं सांगावं लागलं. माझी बायको यमुना मधल्या खोलीतच वारली, आश्विनात, नेमकी पंचकात. भटजींनी शांत केली, तरी फाल्गुनापर्यंत खोली बंद ठेवा म्हणाले. आधी उघडली तर घरातलं आणखी एक माणूस जातं. तिचं मशीन आतच राहिलं. मशीनवर तिने शिवायला घेतलेला माझा कोट, एक बाही लावायची बाकी. "साऱ्या बुलढाण्याले कोट शिवता अन् सोता उघडे फिरता," म्हणायची. कचेरीच्या पट्टेवाल्यांचे कपडे आले की माझा कोट मागे पडायचा.
वकील म्हणाले, "मशीन आत आहे ना? मग तो कारखानाच. तपासणीला साहेब आले की क्षणभर दार उघडा. भाड्याचा चांगला भाग वाचतो."
क्षणभर म्हणे. त्यांचं काय जातं?

मार्गशीर्ष वद्य ४
आक्काच्या कानावर घातलं. यमुना गेल्यापासून ती अमडापूरचं घर सोडून माझ्याकडे आहे. थोरली बहीण, बोलण्यात कात्रीपेक्षा तेज.
"टॅक्सासाठी मरतं का बे कोनी? कुलपाले हात लावला तर पाह्य, मी अमडापूरची मोटार धरतो."
कुलूप डोळ्यांपुढे नको म्हणून त्या दारावर तिनेच पडदा सोडलाय. यमुनाच्या जुन्या लुगड्याचा. तो रोज डोळ्यांपुढे असतो, त्याचं काय.

मार्गशीर्ष वद्य ९, शुक्रवार
माझे कारागीर रहीमभाई नमाजाला गेले. त्यांचं मशीन थांबलं, मी ओसरीवर कापड बेतत होतो. आतून मशीन चाललं. हळू. मग थांबलं, मग पुन्हा. शिवण वळवताना ती अशीच थांबायची.
कात्री ठेवली आणि ऐकत बसलो. भीती वाटायला हवी होती. खरं लिहायचं तर बरं वाटलं. आश्विनापासून पहिल्यांदा.

मार्गशीर्ष अमावास्या
रहीमभाई काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "मालक, भाभीची मशीन सुक्की चालून राह्यली. तेल मांगते."
इतकी वर्षं एका ओसरीवर बसतो, पण असं कधी बोलले नव्हते…
दिवेलागणीला तेलाची कुपी मधल्या उंबऱ्यावर ठेवली.

पौष शुद्ध १
कुपी भरलेली तशीच. आवाज मात्र मऊ झालाय.
आक्का त्या दाराकडे पाठ करून बसत नाही हल्ली.

पौष शुद्ध ६
ठरवलं. मधली खोली 'राहता भाग' लिहून दिली. वकील तापले, वजावट घालवलीत म्हणाले. गेली तर गेली. त्यांना वाटतं मी पंचकाला भ्यालो. पंचकाचं भय नाही. दार उघडलं, खोली झाडली, की आवाज जाईल. तो गेला तर मला सोसायचं नाही.

पौष वद्य ४
आज इन्कमटॅक्सवाले आले. गळ्यात मफलर, नागपूरकडचे, इथल्या थंडीने बेजार. मी नि रहीमभाईंनी अदबीने मशीनं थांबवली. ओसरी पाहिली, सैंपाकघर पाहिलं. पडद्याशी थांबले.
"आत?"
"राहता भाग. बायको असते." तोंडातून निघूनच गेलं.
त्यांनी कान दिला. "मग हे मशीन कोण चालवतंय?"
चालू होतं. मघापासून चालू होतं.
म्हणाले, "अहो, बाई तिथं काम करताहेत. राहता भाग काय लिहिता? स्वतःचाच तोटा करून घेता." खोडून 'कारखाना' लिहिलं. मी पडद्याला हात घातला, कशासाठी कोण जाणे. "राहू द्या, उठवू नका त्यांना," म्हणाले, आणि जाताना पडद्याला नमस्कार केला.
रहीमभाईंना सुईत दोरा ओवता येईना. आक्का चुलीपुढे रडत होती.
म्हणजे आमचे कान वाजत नव्हते.

पौष वद्य ५
आक्का: "ती कोनासाठी शिवून राह्यली, इचार केला का तू?"
केला. मशीनवर माझ्या कोटाशिवाय दुसरं काहीच नव्हतं.
"चाल माह्यासंगं अमडापूरले. आजच चाल."
नाही म्हणालो. ती चिडून एकटीच मोटारीत बसली. खिडकीतून माझ्याकडे पाहवेना तिला.

माघ शुद्ध १०
हुकूम आला. मधली खोली कारखाना म्हणून मान्य, वजावट मंजूर. वकील खूश, "नशीबवान आहात हो!" पेढे मागितले. दिले. त्यांच्या गुंड्याही लावून दिल्या.
यमुना असती तर म्हणाली असती, पाहा, माझ्या कामाची नोंद झाली एकदाची.

माघ वद्य ११
एक विचार सुटत नाही. बाही लावायला तिला दुपारसुद्धा लागायची नाही. आणि ही तर दोन महिने झाले… उसवत असेल. लावायची आणि उसवायची. कोट पुरा झाला की माझी पाळी, हे तिलाही ठाऊक असणार. माझ्यासाठी अजून राबते आहे.
आज दाराशी बसून म्हणालो, पुरे कर, दमशील. आवाज थांबला, मग पुन्हा सुरू.

फाल्गुन शुद्ध ३
आक्का परतली. नारळ, गोमूत्र, नवा झाडू घेऊन. पंचमीला कुलूप काढायचं, भटजींना सांगून आलीय. माझ्या तोंडावरून हात फिरवला, "रोडावला रे," म्हणाली.

फाल्गुन शुद्ध ४
काल दुपारपासून आत आवाज नाही. रहीमभाईंनी आपलं मशीन थांबवून ऐकलं, मान हलवली आणि घरी गेले. कुपी ठेवून पाहिली. नाही.

फाल्गुन शुद्ध ५
भटजी ओसरीवर बसलेत. आक्का दोनदा किल्ली मागून गेली. माझ्या मुठीत आहे, घामाने ओली झालीय.
थंडी तर सरली. तरी तिने पुरा केलेला कोट अंगात घालून पाहावासा वाटतो. कधी नव्हे ते कोणी माझ्या मापाचं शिवलंय.