सांसूसींचं घराणं आणि माझ्या घराची अट

दोन विमानतिकिटं, क्यूबेकच्या हॉटेलातला एक आठवडा, वंशावळ शोधणाऱ्या बाईंची फी आणि बारा वर्षांच्या नात्यातला एक व्याही: एक आडनाव तपासायला मला इतका खर्च आला. तो मी पूर्ण शुद्धीत केला, आणि हे मृत्युपत्रही तसंच, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मी मुकुंद सखाराम हर्णेकर, वय बहात्तर, राहणार अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. माझी याआधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. डेटा सेंटरच्या एसींची देखभाल करणारी माझी कंपनी भागीदार रे बूव्हिए याला द्यावी. कॉम्प्रेसर बिघडणार हे नुसत्या आवाजावरून आधी ओळखणारे इथे आम्ही दोघंच.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगी नीला हिला. त्यातला एक डॉलरही तिने सासऱ्यांच्या वंशावळीच्या छपाईला देऊ नये.

कलम ३. राहतं घर नातू वीर याला. अट एकच: त्याने नावात हर्णेकर लावावं.

कारण सांगतो. नीलाच्या लग्नात व्याही जेराल्ड सांसूसी यांनी माइकवरून जाहीर केलं की त्यांचा मूळपुरुष फ्रान्सचा सरदार होता. तो ओळख लपवून कॅनडात उतरला, म्हणून त्याच्या आधीचं कोणी सापडत नाही. मग बारजवळ भावाला हळूच म्हणाले, “यांना घराणं कुठलं? गावाचं नाव लावतात झालं.” रेकडे बघून, बूव्हिए म्हणजे गुराखी, असंही. माझे कान कॉम्प्रेसरवर तयार झालेत. मी तिथेच जाऊन सांगितलं की पेशवाईच्याही आधीपासून आम्ही सुवर्णदुर्गासमोर हर्णैलाच आहोत आणि नाव एकदाही बदललेलं नाही.

वीर झाला तेव्हा नीलाला त्याचं मधलं नाव हर्णेकर ठेवायचं होतं. सरदाराच्या नावाला ठिगळ नको, म्हणून जेराल्डनी मोडता घातला. पोर गप्प बसली. मी नऊ वर्षं गप्प बसलो, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीला क्यूबेकची सहल भेट दिली, स्वतःही बरोबर गेलो.

तिथल्या वंशावळवाल्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, “उर्फ शोधलंत का?” फ्रेंचांच्या अमलात पलटणीत भरती झालेल्या शिपायाला टोपणनाव मिळायचं. पुढे एका मुलाचा वंश टोपणनाव लावायचा, दुसऱ्याचा मूळ आडनाव. जेराल्ड तीस वर्षं फक्त सांसूसी शोधत बसले होते. सांसूसी म्हणजे बेफिकीर. शिपायाचं मूळ आडनाव बूव्हिए, आणि रे त्याच्याच दुसऱ्या मुलाच्या वंशातला.

मी हसलो. व्याह्यांनी तेव्हापासून बोलणं टाकलंय. शिपाई असण्यात कमीपणा नाही हो. पण कुणा कप्तानाने थट्टेत ठेवलेल्या नावासाठी माझ्या लेकीचं नाव तिच्याच पोराच्या नावातून पुसलं, याची चीड मी बरोबर घेऊन जाणार आहे.

कलम ४. यंत्रं ऐकायचा माझा स्टेथोस्कोप जेराल्ड यांना द्यावा. कुजबुज किती लांब जाते ते त्यांना कळेल.

कलम ५. ही अट वीरला सांगितली तेव्हा तो म्हणाला, “आबा, इज माय नेम राँग?” त्याच आठवड्यात वकीलबाई अनिका यांनी मृत्युपत्रात नोंदवायला आमच्या घराण्याची आधीची नावं मागितली. आहेतच कुठे, असं मी ऐटीत म्हणालो, आणि खात्रीसाठी दापोलीला बहीण नंदा हिला फोन लावला. तिचं म्हणणं सहीखाली दिलं आहे. ते ऐकून कलम ३ मधली अट मी रद्द करतो. घर वीरचं, त्याचं नाव काहीही असो.

साक्षीदार, दोघंही शेजारी: संजय टिपणीस, इला राजवाडे.
अ‍ॅशबर्न, १४ नोव्हेंबर २०२५.

सही: मुकुंद सखाराम हर्णेकर उर्फ शिगवण

नंदाचं म्हणणं (आप्पा म्हणजे आमचे वडील): “दादा, आपण वाकवलीचे शिगवण. गिरणीतल्या मुकादमाने आप्पांना हर्णेकर केलं. हर्णैला आपलं कोणी कधी राहिलं नाही, आप्पांनी गिरणीत कामाला जाताना तिथून नुसती बोट पकडली.”